फाटकाची आतली बाजू

प्रिय अडकू,

तुझा फोन दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी "मशीनवर बसलेय, मग बोलू" म्हणून ठेवून दिला. रागावू नकोस. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. मी दोन वाक्यं बोलले असते, तिसऱ्याला माझा आवाज गेला असता आणि तिकडे तू घाबरून काहीतरी भलतंच समजून बसला असतास. त्यापेक्षा लिहिते. बाबा आत्ता दुपारचे झोपलेत, खोलीचं दार उघडं ठेवलंय आणि मी त्यांच्या समोरच खुर्ची टाकून बसलेय. मांडीवर पडद्याचं कापड, त्यावर पाटी, पाटीवर कागद. अक्षर वाकडंतिकडं आलं तर पाटीला दोष दे. आणि हो, बाप व्हायला आलास तरी मी तुला अडकूच म्हणणार. तुझ्या बायकोला ते नाव आवडत नाही हे मला माहीत आहे. तिला सांग, ज्या मुलानं स्वतःच्या घरच्या जिन्याच्या कठड्यात डोकं घालून अख्खी गल्ली गोळा केली, त्याला दुसरं काय म्हणायचं? साबणाचं पाणी ओतून ओतून तुला सोडवला होता. बाबा तेव्हा कामावर होते. परत आले ते तुला जवळ घ्यायच्या आधी टेप घेऊन त्या दोन गजांमधलं अंतर मोजायला बसले, म्हणून आई त्यांच्याशी अबोला धरून होती.

तुझं नाव तरी एका अपघातानं पडलं. माझं तर बाबांच्या नोकरीवरून पडलं. तुला ते दिवस आठवणार नाहीत, तू पाळण्यात होतास. पालिकेनं नियम केला होता की घरी पोहण्याचा हौद असेल तर त्याला चारी बाजूंनी कुंपण हवं, आणि ते तपासायला बाबांना नेमलं होतं. कुंपणाची उंची, गजांमधली फट, खालची मोकळी जागा, सगळं कागदावर होतं. पण बाबांचा कागदावर भरवसा नव्हता, म्हणजे लोकांच्या कागदावर नव्हता. सुट्टीच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन जायचे, कुंपणाबाहेर उभं करायचे आणि म्हणायचे, "चल मापटं, आत जाऊन दाखव." धान्य मोजायला मापटं, तसं कुंपण मोजायला मी. मी गजांत पाय अडकवून बघायची, फाटकाखालून सरपटायची, कुणी कुंपणाजवळ कुंडी किंवा खुर्ची ठेवली असेल तर तिच्यावर चढून मांजरासारखी पलीकडे उतरायची. मी आत गेले की ते घर नापास. घरमालकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. एका दंतवैद्यानं तर मला लाच म्हणून गोळ्यांची पुडी दिली होती, दंतवैद्यानं! मी गोळ्या खाल्ल्या आणि कुंपणावरून उडीही मारली. आम्ही घरी आलो की बाबा दारातूनच आईला ओरडून सांगायचे, "मापटं कोरडं परत!" मग आई मला मागूनपुढून चाचपून बघायची, जणू मी बाजारातून आणलेली वस्तू आहे, आणि म्हणायची, "मिळालं."

लोक म्हणायचे हा माणूस फार कडक आहे. तोंडी काही सांगायला गेलं की बाबांचं एकच उत्तर: "लेखी द्या." कुणी म्हणालं, साहेब, उद्या खिळा मारतो, तर "लेखी द्या". कुणी म्हणालं, आमच्याकडे लहान मूलच नाही, तर "येणार नाही असं लेखी द्या". तू पहिल्यांदा पगार झाल्याचं फोनवर सांगितलंस तेव्हाही हेच म्हणाले होते आणि मग तुझं पत्र आल्यावर चष्मा लावून ते तीनदा मोठ्यानं वाचलं होतं. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास असा की जे कागदावर सही करून आलं ते झालंच. आणि एवढं सगळं करणाऱ्या माणसाला पोहता येत नव्हतं, हे आपल्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना पाण्याची भीती वाटायची. आई चेष्टा करायची की तुम्ही कुंपणं मुलांसाठी नाही, स्वतःसाठी घालता. ते हसायचे, पण कधी नाही म्हणाले नाहीत.

म्हणून आईचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी तिला रोज पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा मागच्या अंगणात हौद बांधायचा निर्णय बाबांनी घेतला यातच काय ते समज. नियमात त्याला 'निवासी जलतरण तलाव' म्हणतात. आपला तो हौदच, या टोकाकडून त्या टोकाला आईची मोजकी पावलं. आणि त्याचं कुंपण? कुंपण आधी बांधलं, हौद मागाहून खणला. कामगार येता-जाता वैतागायचे. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, हात सोडला की स्प्रिंगनं आपोआप मिटणारं, खिट्टी उंचावर आणि वर ओढल्याशिवाय न सुटणारी. त्यातही बाबांचं समाधान नाही. स्प्रिंग एखाद दिवशी दगा देईल म्हणून त्यांनी घरातला नियम केला, आठवतं ना? फाटकातून जो शेवटी जाईल त्यानं ते स्वतः ओढून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बंद!" आणि घरात जो कुणी असेल त्यानं, हातातलं काम असेल तिथून, "ऐकलं!" म्हणायचं. ऐकलं असं उत्तर आल्याशिवाय फाटकापासून हलायचं नाही. आपण दोघं यावरून किती खिदळायचो. तू न्हाणीघरातून साबण तोंडात जात असताना "ऐकलं" म्हणायचास. पाहुणे आले की त्यांना वाटायचं या घरात सगळे थोडे सटकलेले आहेत.

दुपारी चहाच्या आधी आई पाण्यात उतरायची आणि बाबा काठावर खुर्ची टाकून बसायचे. तिचं चालून झालं की ते पायऱ्यांपाशी वाकून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "चला बाईसाहेब, निघा आता." ती मुद्दाम एक फेरी जास्त मारायची. मी मशीनवर बसून खिडकीतून हे रोज बघत होते आणि मला वाटायचं, लग्न केलं असतं तर असं काही वाट्याला आलं असतं का कोण जाणे. मग फाटक वाजायचं, "बंद!", आणि मी सुईवरून नजर न काढता "ऐकलं!" म्हणायची. इतक्या वर्षांत त्या शब्दाचा माझ्या कानाला एकच अर्थ झाला होता. दोघं बाहेर आली, आता चहा टाकायचा.

आई गेली ते तू बघितलंस. नंतरचं तुला मी तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, पण गाळून गाळून सांगितलं. बाबा विसरायला लागलेत एवढं तुला माहीत आहे. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला, मला दोनदा विचारलं की आज पगाराचा दिवस का, हे सांगून मी तुला हसवलंसुद्धा. हे नाही सांगितलं की गेल्या हिवाळ्यापासून ते रोज दुपारी उठून हौदावर जायला लागले. आई पाण्यात आहे आणि तिला बाहेर काढायची वेळ झालीय, म्हणून. पायऱ्यांपाशी वाकायचे, हात पुढे करायचे आणि थांबायचे. त्या हाताकडे बघवत नाही रे. मी सांगून बघितलं की बाबा, आई नाही आता. एकदाच सांगितलं. त्यांनी ती बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली, भिंतीला धरून खाली बसले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हात पुढे करून उभे. मग कुठल्या तोंडानं मी पुन्हा सांगू?

तू विचारशील, कुलूप का नाही लावलंस. लावलं. त्यांनी फाटक गदागदा हलवलं, ओरडले, ती गारठलीय, आत अडकलीय, उघडा. शेजारचे धावत आले. दुसऱ्या दिवशी कुलूप बघून शांतपणे व्हरांड्यातली खुर्ची ओढत नेली, कुंपणाला लावली आणि चढले. ज्या माणसानं कुंपणाजवळच्या खुर्चीपायी लोकांची घरं नापास केली, त्यानं! बोटं तेवढी वरच्या गजापर्यंत पोचली आणि खुर्ची सरकली. मनगट दुखावलं ते तेव्हा. तुला मी न्हाणीघरात पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. मग हौदावर ताणून बसवायचं जाड आच्छादन आणलं. ते बघून तर ते वेडेपिसे झाले. त्यांना वाटलं आई खाली आहे आणि आम्ही वरून झाकलंय. नखांनी ते कापड ओरबाडत होते. मीच सोडवून काढलं. पाणी उपसून टाकावं म्हटलं तर हौद बांधणारा म्हणाला, आपल्या जमिनीत पाणी वर आहे, रिकामा हौद खालून उचलला जाईल आणि फुटेल, शिवाय कोरड्या हौदात म्हातारा माणूस पडला तर हाडं गोळा करावी लागतील. तो हे इतक्या सहज म्हणाला की मला त्याला चहाही विचारावासा वाटला नाही.

शेवटी पालिकेत गेले. बाबांच्या जागी आता ती बाई आहे, बाबांनीच जिला हाताखाली शिकवलं होतं. ती घरी आली, टेप लावली, खिट्टी ओढून बघितली, फाटक सोडून ते मिटतंय का बघितलं. सगळं बरोबर. सगळं नियमापेक्षा दोन बोटं जास्तच. बाबा तिच्या मागे मागे फिरत होते आणि ती मोजताना वाकली की खूश होऊन मान डोलवत होते. मी तिला विचारलं, मोठ्या माणसासाठी काही आहे का नियमात? ती बराच वेळ कागद चाळत राहिली, पण मला कळत होतं की तिला ते पाठ आहेत. सगळी मापं लहान मुलांची आहेत, ताई, म्हणाली. एवढ्या उंचीचा हात, एवढं डोकं, एवढी ढांग. ज्यानं खिट्टी स्वतः बसवलीय त्याच्यापासून पाणी कसं राखायचं, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. जाताना तिनं बाबांना नमस्कार केला आणि बाबांनी तिला विचारलं, "लहान मूल आहे का घरात?" ती गाडीत जाऊन बसली पण गाडी लवकर सुरू झाली नाही. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं होतं सरकारी माणूस आला की काहीतरी उपाय घेऊन येईल. ती माझ्याइतकीच हतबल होऊन गेली.

मग डॉक्टर म्हणाले, भांडू नका त्यांच्याशी, रोज बरोबर जा. ते मला जमलं. दुपारी मी काम बाजूला ठेवायची, त्यांच्या मागे उभी राहून सदरा मुठीत घट्ट धरायची आणि ते हात पुढे करायचे. थोड्या वेळानं मी म्हणायची, "बाबा, ती म्हणतेय अजून एक फेरी, आपण चहा टाकू तोवर." त्यावर ते हसायचे, कारण ते आईला शोभण्यासारखंच होतं. मग मी पुढे, ते मागे, फाटक, "बंद!", "ऐकलं!". खरं सांगू, त्या दिवसांत मला जरा बरं वाटायला लागलं होतं. रोजची ती थोडी नाटकं केली की उरलेला दिवस ते अगदी शहाण्यासारखे असायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे. त्यांना त्या वेळी मी कोण ते पक्कं माहीत असायचं. "मापटं, सुईवर उजेड पडू दे, डोळे जातील," असं म्हणून पडदा सरकवायचे.

आता ते सांगते जे सांगायला हे सगळं लिहीत बसलेय. गेल्या आठवड्यात एका शाळेच्या सभागृहाचे पडदे होते, त्याचं कापड घेऊन माणूस यायचा होता. आम्ही हौदावर होतो, बाबांचा हात पुढे करून झाला होता, आम्ही परत निघालो आणि पुढच्या दाराची घंटा वाजली. मी फाटकातून बाहेर पडून भराभरा घराकडे चालू लागले. मागून खिट्टी पडल्याचा आवाज आला. "बंद!" बाबांचा आवाज, अगदी खणखणीत, पूर्वीसारखा. आणि मी मान न वळवता, चालता चालता म्हणाले, "ऐकलं!" अडकू, फाटक खरंच बंद झालं होतं. बाबा कधी खोटं बोलले नाहीत. फक्त ते आतल्या बाजूला होते. आपल्या घरात इतकी वर्षं तो शब्द बोलला गेला पण बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे, हे विचारायची आपल्याला कधी गरजच पडली नव्हती. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालंच नसतं. दुसऱ्या घरातल्या मुलीनं मागे वळून बघितलं असतं.

मी कापड घेतलं, गठ्ठे आत लावले, आणि मशीनवर बसून एक टीप मारूनही झाली. मग खिडकीतून व्हरांड्याकडे न बघताच विचारलं, चहा टाकू का. उत्तर आलं नाही. खुर्ची रिकामी. बाबांनी किती घरांत किती आयांना बजावलं असेल की बुडणारं माणूस ओरडत नाही, आवाजाची वाट बघू नका. मी ते सगळं ऐकत मोठी झालेली. मी धावले आणि फाटकाशी माझा हात खिट्टीवरून तीनदा सटकला, वर ओढायची ती खाली दाबत होते, बाहेर उघडणारं फाटक आत ढकलत होते. ज्या फाटकाला मी मापटं असताना हरवू शकले असते, त्यानं मला तिथे उभं केलं. आत बाबा पाण्यात होते, हनुवटीपर्यंत. आईला धरून चालता यावं म्हणून काठाला बसवलेल्या लोखंडी नळीला त्यांनी एका हातानं धरलं होतं आणि दुसरा हात पाण्याखाली काहीतरी चाचपत होता. तोंडात पाणी जात होतं आणि ते पुन्हा वर येत होते. मी कपड्यांसकट उडी मारली, मागून काखेत हात घालून त्यांना पायऱ्यांवर ओढलं. ते वळले, मला बघितलं. माझ्या अंगात शिवताना घालते तो आईचा तपकिरी स्वेटर होता, केस ओले होऊन तोंडावर आलेले. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी आई गेल्यापासून बघितला नव्हता. माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाले, "निघालात एकदाच्या, बाईसाहेब!"

त्यांना काही झालं नाही. थोडा खोकला, थोडा ताप, डॉक्टर म्हणाले नशीब. मी नळीला नमस्कार केला. आणि दोन दिवस घर इतकं आनंदात होतं की मला लाज वाटत होती. बाबा पोटभर जेवले. हौदाकडे फिरकले नाहीत, कशाला जातील, त्यांचं माणूस बाहेर आलं होतं. मला म्हणत होते, गुडघे बरे दिसतात तुमचे. मी म्हटलं, हो. मला वाटलं, असू दे. मी आई झाले तर झाले, रोज तो हात पुढे केलेला बघण्यापेक्षा हे परवडलं. मी तोंडानं 'अहो' म्हणायलासुद्धा शिकले. हसशील तू, पण खरंच शिकले. एकटीच कपाटाच्या आरशासमोर म्हणून बघितलं.

तिसऱ्या दुपारी ते उठले, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "मापटं कुठंय?" मी म्हटलं, मी काय, इथेच आहे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नाही हो. मापटं." आणि मग त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. त्यांनी हिशोब केला, बघ. बाईसाहेब बाहेर आल्या, पण पाण्यात उडी कुणी मारली होती? ती तर बाहेर आलीच नाही. तेव्हापासून रोज दुपारी ते फाटकाशी उभे असतात. आता मी साखळी लावलीय, ते ती हलवत नाहीत, चढत नाहीत, ताकदच राहिली नाही. नुसते गज धरून उभे राहून हाक मारतात. "मापटं, पुरे आता. ये बाहेर." मी त्यांच्या मागे उभी असते. मी ओ देते. ते मागे वळून मला समजावतात की काळजी करू नका, सापडेल. माझ्या बापाला माझ्यासाठी असं तडफडताना मी पाठीमागून बघते आणि मला त्यांना सांगता येत नाही की मी आहे. मी काय करू सांग. लहानपणी आपल्याला कुणी रडवलं तर आपण बाबांना सांगायचो, आता बाबांनाच कोण सांगणार?

हौद बुजवायची परवानगी मिळाली आहे. त्या बाईनं स्वतः फिरून सह्या आणून दिल्या, देव तिचं भलं करो. मातीची गाडी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला यायचीय. पण ती माती ते बघणार. घर एवढंसं, कुठे लपवू त्यांना? आईवर आच्छादन घातलं तेव्हा नखं तुटली, मुलीवर माती लोटताना बघून त्यांचं काय होईल? आणि माती नाही लोटली तर एक दिवस साखळी राहून जाईल, किंवा मी मान वळवायची विसरेन. दोन्हीकडून तेच.

तुला ये म्हणत नाही. सूनबाईचे दिवस भरत आलेत, तिला सोडून तू हलू नकोस, हललास तर मीच तुला कठड्यात अडकवेन. माझं मागणं वेगळं आहे. तू बाबांना पत्र लिही. फोन नको, फोनवर मी परवा शेजारणीला 'मापटं सुखरूप आहे' असं बोलायला लावलं, तर बाबा म्हणाले, तोंडी काय, कुणीही सांगेल. मी स्वतः तुझ्या नावानं लिहून बघितलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि हसून मला परत दिलं, "बाईसाहेब, अक्षर तुमचं आहे." अक्षर त्यांना माझंही ओळखू येत नाही रे आता, माझं अक्षर आईचं झालं. पण तुझं ओळखतील, तुझी जुनी पत्रं ते अजून काढून वाचतात. तर लिही, की बायकोच्या बाळंतपणासाठी मापटं माझ्याकडे आली आहे. पाण्यातून निघून ती थेट इकडेच आली. खाली सही कर, तारीख घाल, जशी त्यांना हवी असते. माती यायच्या आत पोचेल असं लगेच टाक. लांबलचक लिहू नकोस, त्यांना धाप लागते. आणि शेवटी लिही, "मापटं कोरडं पोचलं." मी त्यांच्या शेजारी बसून ते मोठ्यानं वाचेन, आणि आई म्हणायची तसं म्हणेन, "मिळालं."

तुझीच,
(तुझ्या त्या एका पत्रापुरती तरी)
मापटं